पाण्याचा हिशोब

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत पावसाळ्याआधीचं एक काम ठरलेलं असे. पांढरी माती आणायची, छतावर पसरायची आणि चोपून घट्ट करायची. आदल्या वर्षी जिथे गळलं, तिथे थर जरा जाड टाकायचा. हे काम आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, मुलांनीही केलं. जुनी माती मात्र सहसा कुणी उतरवत नसे, नवी माती तिच्यावरच पडत जाई. असं करता करता कित्येक छतांची जाडी दीड फुटापर्यंत गेली, काहींची त्याहूनही पुढे. घनमीटरला सोळाशे किलो धरले, तरी दीड फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला सातशे किलोंच्या वर जातं. ते पेलायला खाली जाड दगडी भिंती होत्या, पण त्यातले दगड एकमेकांशी सांधलेले होते फक्त मातीने.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं आणि गावं गाढ झोपेत होती. हजारो माणसं त्या पहाटे घरातच गाडली गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. चांगल्या बांधलेल्या घरांत एवढ्या तीव्रतेच्या भूकंपानंतर माणसं सहसा वाचतात. इथे घरांनीच दगा दिला. जाड भिंत बाहेरून एकसंध दिसत असली तरी आत ती दोन वेगळ्या थरांची होती आणि मधल्या पोकळीत भरताड होतं. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हते. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि त्यांच्यावरचं टनावारी ओझं खाली आलं.

गळती थांबवण्यासाठी केलेली पिढ्यान्‌पिढ्यांची दुरुस्तीच घराच्या मुळावर आली, हा या दुर्घटनेचा फारसा न बोलला जाणारा भाग आहे. घर बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने तो नीट समजून घ्यायला हवा. घराची ताकद आणि आयुष्य या दोन्हींचा पाण्याशी जितका संबंध आहे, तितका दुसऱ्या कुठल्याच वस्तूशी नाही. काँक्रीट कालवताना पाणी जास्त पडतं, काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला पाणी कमी मिळतं आणि घर उभं राहिल्यावर नको तिथून पाणी आत शिरतं. घरांची बहुतेक दुखणी या तीन चुकांतून येतात. यातली एकही चूक टाळायला महागडं सामान लागत नाही. मालकाने लक्ष घालावं मात्र लागतं.

किल्लारीनंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावं जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झाली होती, त्यांची चर्चा खूप झाली. त्यामानाने दुसऱ्या भागाची चर्चा कमी झाली. आजूबाजूच्या शेकडो गावांत दीड लाखांहून अधिक घरं लोकांनी सरकारी मदत घेऊन स्वतःच दुरुस्त केली आणि मजबूत करून घेतली. सल्ल्याला कनिष्ठ अभियंते होते आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून काम करत होत्या. सल्ला साधा होता: छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, भिंतींना चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधा. दगड-मातीच्या घरांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्येच काढलेल्या आयएस १३८२८ या मार्गदर्शिकेत आरपार दगडाचं मापही दिलं आहे. भिंत दर दोन फूट चढली की एक ओळ घालायची आणि ओळीतल्या दोन दगडांत चार फुटांहून जास्त अंतर ठेवायचं नाही. दगडी भिंत रचणाऱ्या मालकाला हे टेपने मोजता येतं.

कोब्यावर कोबा

माळवदं कमी झाली, पण छतावर थरावर थर चढवण्याची सवय शहरांत आली. पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीची गच्ची गळायला लागते. सोसायटीच्या सभेत विषय निघतो, तीन दरपत्रकं येतात. त्यातला एखादा ठेकेदार सुचवतो की जुना कोबा फोडला तर खर्च वाढेल, राडारोडा उतरवावा लागेल, त्यापेक्षा त्यावरच नवा विटांचा कोबा करून देतो. सभासदांना हे पटतं.

या ठरावाचं वजन काढून पाहावं. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल यांचा सरासरी चार इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो. पाचशे चौरस फूट गच्चीवर हा भार नऊ टनांच्या पुढे जातो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी अभियंते दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोंचा वापरभार धरून आराखडा करतात. याचा अर्थ असा, की दुसऱ्या कोब्याने स्लॅबची ती सगळी राखीव ताकद खाऊन टाकली आणि वर आणखी ओझं ठेवलं. शिवाय स्लॅब नवी नाही. गळतीमुळे तिच्यातल्या सळया आधीच गंजायला लागलेल्या आहेत. किल्लारीच्या माळवदावर झालं तेच इथे नव्या सामानाने होतं आहे.

म्हणून गच्चीचं काम करताना जुना थर काढूनच नवा टाकावा. खर्चाचा हा भाग वाचवण्यासारखा नाही. थर काढल्यावर स्लॅब उघडी दिसते आणि तिच्या भेगा तपासता येतात. नव्या थराला पाणी वाहून नेणारा उतार हवा. शंभराला एक, म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार पुरतो, पण तो गच्चीच्या प्रत्येक कोपऱ्यापासून पाण्याच्या तोटीपर्यंत अखंड असायला हवा. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोन गोलाकार करून घ्यावा, कारण बहुतेक गळती तिथल्याच भेगेतून सुरू होते. काम झाल्यावर तोट्या बंद करून गच्चीवर पाणी भरून ठेवायचं आणि दोन-तीन दिवस खालच्या छतावर नजर ठेवायची. या चाचणीची अट करारातच घालावी आणि शेवटचा हप्ता तिच्यानंतरच द्यावा.

मिक्सरपाशी

स्लॅबचा दिवस ही घर बांधणाऱ्या कुटुंबासाठी सणासारखी गोष्ट असते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, संध्याकाळी कामगारांना जेवण असतं. या गडबडीत घरमालक पाहुण्यांपाशी असतो आणि घराची ताकद ज्या जागी ठरत असते तिथे, मिक्सरपाशी, त्याच्या बाजूचं कुणीच नसतं.

तिथे काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मिक्सरच्या तोंडात सिमेंटची एक गोणी, वाळूची आणि खडीची मोजून घमेली पडतात. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजाने पडतं. एक माणूस पिंपातून बादली भरतो आणि ड्रमच्या आवाजावरून ओततो. वर स्लॅबवर फावडं मारणाऱ्याला माल घट्ट लागला की आवाज येतो, “पातळ येऊ दे!” खालचा माणूस आणखी अर्धी बादली ओततो. माल सुळसुळीत होतो, आपोआप पसरतो, काम झपाट्याने उरकतं. त्या अर्ध्या बादलीने नेमकी किती ताकद गेली हे त्या दिवशी कुणालाच दिसत नाही.

अमेरिकेत शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्रॅम्स या अभियंत्याने काँक्रीटच्या असंख्य नमुन्यांवर प्रयोग करून १९१८ मध्ये एक नियम मांडला. माल कालवता येण्याजोगा आणि नीट बसण्याजोगा असेल, तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाणी वाढलं की ताकद घटते. कारण सोपं आहे. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं आणि तयार होणाऱ्या सिमेंटच्या कणांत आणखी थोडं अडकून राहतं. त्याहून जास्तीचं पाणी फक्त माल हलवायच्या सोयीसाठी असतं. काही दिवसांनी ते उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पोकळ्यांनी ताकद जाते आणि पुढे पावसाचं पाणी आत शिरायलाही त्याच वाटा मिळतात.

पन्नास किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण अर्धं. त्याच गोणीत ३५ लिटर पडलं, तर ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटू शकते. सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम २० ही प्रत लागते. आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत ठरावीक प्रमाणाच्या एम २० काँक्रीटसाठी गोणीमागे कमाल ३० लिटर ही मर्यादा आहे. ही मर्यादा ओल्या वाळूतलं पाणी धरून आहे. एका गोणीला साधारण ऐंशी किलो वाळू पडते आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी वाळूबरोबरच आत जातं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर बादलीतलं पाणी तेवढं कमी करायला हवं. ओल्या वाळूची दुसरी एक खोडी आहे. थोड्या ओलीने वाळू फुगते, तिचं आकारमान २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. घमेल्याने मोजलं तर त्या प्रमाणात वाळू कमी पडते आणि मालाचा हिशोब चुकतो.

यावर उपाय म्हणजे मापाची बादली. दहा लिटरची बादली घ्यायची, आतून रंगाने रेघा मारायच्या आणि गोणीमागे किती पाणी हे अभियंत्याला विचारून सकाळीच मिस्त्रीला सांगायचं. माल फार घट्ट वाटला तर पाणी वाढवू नये, अभियंत्याच्या सल्ल्याने प्लास्टिसायझर नावाचं द्रव्य वापरावं. त्याने पाणी न वाढवता माल मऊ होतो. स्लॅबवर व्हायब्रेटर लावलाच पाहिजे, कारण मोजक्या पाण्याचा माल नीट बसायला त्याची गरज असते. जेवणाच्या सुट्टीत पडून राहून घट्ट झालेला माल पाणी ओतून पुन्हा मऊ करून वापरू देऊ नये. तो टाकून द्यावा.

पाण्याची मोजणी बरोबर आहे की नाही हे पडताळायची एक सोपी चाचणी आहे. एक फूट उंचीचा, वर निमुळता पत्र्याचा साचा काँक्रीटने भरून उचलतात आणि माल किती खाली बसला ते मोजतात. नेहमीच्या स्लॅबसाठी पाच ते दहा सेंटीमीटर बसणं ठीक. माल पूर्ण पसरून सपाट झाला, तर पाणी नक्कीच जास्त आहे. त्याच मालाचे सहा ठोकळे भरून जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात तपासता येतात, तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. पिण्यायोग्य पाणी काँक्रीटला चालतं. खाडीलगतच्या गावांत विहिरी आणि बोअर खारट होतात, तिथे पाणी तपासूनच वापरावं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी मानकाने क्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे, कारण क्लोराइड सळईला आतून खातं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतच खार असतो. म्हणून तिथे सळईवरचं काँक्रीटचं आवरण जास्त जाड लागतं. कोरड्या प्रदेशात, घराच्या आतल्या भागात स्लॅबला २० मिलिमीटर पुरतं. किनाऱ्याच्या कडक हवामानासाठी मानक ४५ मिलिमीटर सांगतं. सळईखाली विटेचे किंवा दगडाचे तुकडे न ठेवता मापाचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवावेत आणि काँक्रीट ओतण्याआधी ते मालकाने स्वतः पाहावेत.

पाणी मारणं

मिक्सरमध्ये पाण्याची चंगळ होते. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला खऱ्या अर्थाने पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच हात आखडतो. सिमेंटची रासायनिक क्रिया पहिल्या दिवशी संपत नाही, ती आठवडे चालते आणि तिला सतत ओल लागते. ओल मिळाली नाही तर क्रिया अर्ध्यावर थांबते. ओतल्यापासून उन्हात कोरडं राहिलेलं काँक्रीट, नीट भिजवलेल्या काँक्रीटच्या तुलनेत, निम्म्या ताकदीच्या आसपास अडकू शकतं. दोन्हीत सिमेंट तितकंच, सळई तितकीच, खर्च तितकाच.

मानकाने साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि राखमिश्रित पीपीसीसारख्या सिमेंटसाठी किमान दहा दिवस सांगितले आहेत, शक्य असेल तर चौदा. आज घरगुती बांधकामात बहुतेक ठिकाणी पीपीसीच वापरलं जातं, म्हणून दोन आठवडे धरून चालावं. स्लॅबवर मालाची छोटी आळी करून पाणी साठवण्याची पद्धत चांगली आहे. पाचशे चौरस फूट स्लॅबवर दोन इंच पाणी भरायला सुमारे २,३०० लिटर लागतात. कडक उन्हात रोज सेंटीमीटरभर पाणी उडालं, तर दिवसाला साडेचारशे-पाचशे लिटरची भर घालावी लागते.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या सवयीकडे पाहायला हवं. पावसाळ्याआधी छत पडलं पाहिजे या घाईत हजारो स्लॅब एप्रिल-मे महिन्यांत ओतल्या जातात. विदर्भात तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि मराठवाड्यात गावं टँकरची वाट पाहत असतात. काँक्रीटला सर्वांत जास्त पाणी लागतं तो हाच काळ आणि पाणी सर्वांत कमी असतं तोही हाच. ज्याला वेळ हातात ठेवता येईल, त्याने स्लॅब नोव्हेंबर ते जानेवारीत ओतावी. मेमध्ये ओतणं भागच असेल, तर काम ऊन उतरल्यावर करावं आणि स्लॅब घट्ट होताच ओलं गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद टाकावा. कडा दाबून ठेवल्या तर बाष्प अडकून राहतं आणि फार थोड्या पाण्यात ओल टिकते.

स्लॅबवर पाणी साठलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून तिची काळजी घेतली जाते. खांबांचं मात्र कुणी पाहत नाही. त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ पाईपने दोन झोत मारले जातात आणि तासाभरात ते सुकतात. सगळ्या घराचा भार शेवटी खांबांवरच येतो. प्रत्येक खांबाला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावं आणि ते दिवसभर ओलं ठेवावं. हे काम घरातला कुणीही करू शकतो.

सेंट्रिंग काढायची घाईही अशीच महागात पडते. सेंट्रिंगच्या भाड्याचा मीटर चालू असतो, म्हणून ठेकेदार पाचव्या दिवशीच टेकू काढायला निघतो. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस ठेवायचे असतात. त्याहून लांब बीमला एकवीस. पीपीसीची ताकद हळू वाढते, म्हणून तिथे आणखी थांबावं.

ओल नेमकी कुठून

घर उभं राहिलं की पाण्याचं तिसरं काम सुरू होतं. भिंतीचे पोपडे निघतात, कपाटामागे बुरशी धरते, छतावर पिवळे डाग उमटतात. बहुतेक लोक अशा वेळी रंगाऱ्याला बोलावतात. पुट्टी, त्यावर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा रंग, हल्ली तर थेट प्लास्टिकच्या पट्ट्यांचं अस्तर. डाग झाकला जातो, पण पाणी आतच राहतं आणि सळई गंजवत राहतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधावं, मग पैसे खर्च करावेत.

ओलीच्या जागेवरून आणि काळावरून बरंच कळतं. ओल जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंतच असेल, वरच्या टोकाला पांढऱ्या खाराची रेघ असेल आणि ती बारमाही असेल, तर पाणी जमिनीतून चढतं आहे. विटेच्या बारीक छिद्रांतून ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर येतं. अशा भिंतीला लोणा लागतो, गिलावा भुसभुशीत होऊन गळतो. नव्या घरात यावरचा उपाय जोत्याच्या पातळीवर होतो. भिंत वर नेण्याआधी तिच्या पूर्ण रुंदीवर पाणी अडवणारा काँक्रीटचा थर टाकायचा, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात. घर झाल्यावर हे काम फार कठीण आणि खर्चिक होतं. म्हणून जोतं पूर्ण होईल त्या दिवशी मालकाने तिथे हजर राहावं. जुन्या घरात निदान भिंतीलगतची बागेची माती खाली घ्यावी, बाहेरची फरशी घरापासून लांब उतरती करावी आणि पन्हाळ्याचं पाणी पायापाशी पडू देऊ नये.

पावसाळ्यातच दिसणारी आणि पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर जास्त असलेली ओल बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगांतून येते, कारण मोसमी वारा पाऊस घेऊन त्याच बाजूंनी आदळतो. कोकणातल्या जुन्या घरबांधणीने हे ओळखलं होतं. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून छपरं उतरती आणि पागोळ्या भिंतीपासून लांब. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूला कारखाना काढल्यापासून किनारपट्टीवर मंगळुरी कौलांचा प्रसार झाला आणि ही छपरं अधिक नेटकी झाली. आता त्याच गावांत सपाट स्लॅबची, टीचभर छज्ज्यांची घरं उभी राहत आहेत आणि दरवर्षी भिंती भिजत आहेत. घर स्लॅबचंच बांधायचं असेल, तर खिडकीवर निदान दोन फुटांचा छज्जा ठेवावा. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, एक खाच ठेवून घ्यावी. या खाचेपाशी पाणी थांबतं आणि खाली गळतं, भिंतीकडे सरकत नाही. गवंड्याला हे काम थोडक्या वेळाचं असतं, पण आधी सांगितलं तरच तो करतो.

जुन्या जांभ्याच्या किंवा दगडी भिंतीला चुन्याचा गिलावा असेल, तर त्याच्या जागी कडक सिमेंटचा गिलावा करू नये. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडते आणि काही वर्षांनी गिलाव्यासकट दगडाचे पापुद्रे निघतात.

बारमाही, एकाच जागी आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराच्या आजूबाजूला असलेला डाग नळाचा किंवा सांडपाण्याचा असतो. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहावं. काटा फिरत राहिला, तर भरलेल्या नळात गळती आहे. काटा थांबला आणि डाग तसाच राहिला, तर संशय सांडपाण्याच्या जोडांवर किंवा फरशीखालच्या थरावर जातो. न्हाणीघराची तोटी बंद करून रंगीत पाणी भरून ठेवलं की खालच्या छतावर तोच रंग उमटतो का ते कळतं. बुरशी कपाटामागे किंवा कोपऱ्यात असेल, तर तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले, तर दोष हवेतल्या बाष्पाचा आहे आणि खोलीत हवा खेळवणं हा उपाय. भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली, तर पाणी भिंतीतूनच येतं आहे.

वरच्या आणि खालच्या मजल्यांत या डागांवरून वर्षानुवर्षं भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची विभागणी केलेली आहे. छताची, बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. सदनिकेतल्या मोरीची, संडासाची किंवा सिंकची गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची.

न्हाणीघर फोडताना

फ्लॅटच्या नूतनीकरणात सर्वांत जास्त खर्च आणि मनस्ताप न्हाणीघरापाशी होतो. टाईल्सचा रंग निवडण्यात चार रविवार जातात, पण टाईल्सखाली काय असणार आहे यावर एक तासही दिला जात नाही. टाईल आणि तिचे सांधे पाणी अडवत नाहीत. पाणी अडवतो तो खालचा थर. तो फरशीवर आणि भिंतीवर, शॉवरपाशी निदान सहा फुटांपर्यंत चढवायला हवा. सांडपाण्याचे पाईप बसवून झाले की फरशीआधी त्यांत पाणी भरून जोड तपासावेत. मग थर टाकून तोटी बंद करावी आणि दोन दिवस पाणी भरून ठेवावं. खालच्या शेजाऱ्याचं छत कोरडं राहिलं, तरच टाईल्सवाल्याला बोलवावं. उतार दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर, सगळीकडून नहाणी ट्रॅपकडे.

पाईप झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा, फोटोत मोजपट्टी दिसेल अशी. पुढे गिझर टांगताना किंवा आरसा लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे त्यावरून कळतं. जुनी फरशी फोडायला मोठा ब्रेकर लावू देऊ नये, खालची स्लॅब हादरते आणि शेजारच्या घरातही भेगा पडतात. नळासाठी खाच पाडायची असेल, तर ती विटेच्या भिंतीतच पाडावी. बीम किंवा खांबात कधीही नाही.

गंजलेली सळई

छताचा पोपडा पडून आत तांबूस सळई दिसली, तर पाणी बरीच वर्षं काम करत होतं. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान दोन ते सहा पट वाढतं आणि त्या दाबाने खालचं काँक्रीट सुटतं. अशा जागी नुसतं प्लास्टर करणं म्हणजे एखाददुसऱ्या पावसाळ्याची सोय. सैल काँक्रीट ठोकून काढावं, सळई चोहोबाजूंनी मोकळी करून गंज पूर्ण घासावा, सळई बारीक झाली असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने जोडसळई टाकावी, गंजरोधक लेप द्यावा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरावं. या सगळ्याआधी वरची गळती थांबलेली असायला हवी. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. इतर शहरांतल्या रहिवाशांनीही ती करून घ्यावी आणि अहवाल कपाटात न ठेवता सभेत वाचावा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ठेकेदार नेमायचा नसतो, लाभार्थ्याने किमान पंचवीस चौरस मीटरचं घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचं असतं. त्यामुळे आज महाराष्ट्राच्या खेड्यांत असंख्य कुटुंबं पहिल्यांदाच मालक आणि देखरेख करणारे अशा दोन्ही भूमिकांत आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची स्लॅब यंदा पडणार आहे, त्यांच्यासाठी शेवटची विनंती. त्या दिवशी घरातलं एक माणूस पाहुण्यांतून मोकळं करा आणि मापाची बादली देऊन सकाळपासून मिक्सरपाशी उभं करा. पुढचे चौदा दिवस त्याच माणसाकडे गोणपाट ओलं ठेवायचं काम द्या.